मिस्साबलिदान या शब्दाजवळ थांबून

मागच्या वर्षी वसईतल्या एका चर्चमध्ये मी पहिल्यांदा मिस्सा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. ऑफिसातल्या मित्राचे वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी सात वाजता मिस्सा ठेवली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपात मात्र नुसतं ‘मिस्सा’ नव्हतं, ‘मिस्साबलिदान’ होतं. मी जासईचा. पनवेलहून उरणला जाताना लागतं ते जासई. घर आगऱ्याचं. आमच्याकडे बळी हा शब्द पुस्तकातून येत नाही. नवसाचा बोकड दारात बांधलेला असतो, पोरं त्याला पाला घालतात आणि दुसऱ्या दिवशी तो टोपात असतो. त्यामुळे तो निरोप वाचून मला पडलेला पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता: बळी कोणाचा?

हा लेख त्याच प्रश्नाच्या मागे मागे गेला आहे. मी कॅथलिक नाही, कोणाच्या श्रद्धेवर निकाल द्यायचा मला अधिकार नाही. पण मिस्सा हा एक मजकूरही आहे. तो मराठीत आहे, दर रविवारी वसईपट्ट्यात हजारो माणसं तो मोठ्यानं म्हणतात, आणि तरी मजकूर म्हणून त्याची समीक्षा माझ्या वाचनात कधी आली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा त्यांच्या पुस्तकांवर, ‘सुवार्ता’वर, हरित वसईच्या लढ्यावर आणि ते अध्यक्ष व्हावेत की नाही यावर भरपूर बोललं गेलं. हा माणूस रोज वेदीपाशी उभा राहून नेमकं काय करतो, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आधी ‘मिस्सा’ हा शब्द. तो लॅटिनमधला, आणि मुळात निरोपाचा. विधी संपल्यावर लोकांना ‘आता निघा’ असं सांगायचं जे वाक्य असे, त्यातला हा शब्द पुढे सगळ्या विधीचंच नाव झाला. म्हणजे अख्ख्या ज्ञानेश्वरीला लोकांनी ‘पसायदान’ म्हणायला लागावं, तसं. त्याला मराठीत ‘बलिदान’ जोडलं गेलं. अर्धा लॅटिन, अर्धा संस्कृत असा हा जोडशब्द कानाला जरा विचित्र वाटतो, पण तो जोडणाऱ्यानं अर्थ कशात आहे ते ओळखलं होतं. निरोप कोणत्याही सभेचा होतो. वजन दुसऱ्या अर्ध्यात आहे.

आपण बाहेरचे मराठी लोक मिस्सेला आपापले शब्द लावून पाहतो. ‘सामुदायिक प्रार्थना’ हा त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत फोल. प्रार्थना त्यात आहेतच, पण प्रार्थना घरीही होते. मिस्सा धर्मगुरूशिवाय होत नाही, मग कितीही भाविक जमोत. ‘प्रसाद’ हा शब्द थोडा पुढे नेतो. नैवेद्य आपण ठेवतो, देवाचा झाला की तो परत आपल्या हातात येतो. मिस्सेतही लोकांमधून भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेला जातो आणि शेवटी लोक रांगेनं येऊन ती भाकर खातात. पण मधल्या टप्प्यावर प्रसादाची उपमा मोडते. नैवेद्यात पुरणपोळी अर्पण होते आणि पुरणपोळीच राहते. इथे आपण ठेवलेली भाकर आणि शेवटी अर्पण होणारी वस्तू एकच नाहीत. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे अर्पण होतो तो स्वतः ख्रिस्त, अर्पण करणाराही तोच. धर्मगुरू त्या जागी उभा असतो इतकंच.

राहिलं श्राद्ध. त्या सकाळी मला तेच वाटलं होतं. प्रार्थनेत मित्राच्या वडिलांचं नाव घेतलं गेलं, तेव्हा मी हळूच विचारलं, “म्हणजे वर्षश्राद्धच ना?” तो म्हणाला, “नाव बाबांचं आहे. मिस्सा बाबांची नाही.” मला हे वाक्य कळायला बरेच दिवस लागले. मृतासाठी वेगळा असा विधी तिथे नसतोच. जी एक मिस्सा आहे, तीच त्याच्या नावानं अर्पण होते. लग्नाला तीच, नव्या घराला तीच, पावसाळ्यातल्या कुठल्याशा रिकाम्या मंगळवारीही तीच.

आता बोकडाकडे येतो, कारण माझ्या मते मिस्सा समजायला आम्हा आगऱ्यांना तो विद्यापीठातल्या माणसापेक्षा जास्त उपयोगी आहे. नवस एकवीरेचा असो की गावदेवीचा, आमच्याकडे बळी आणि जेवण या दोन गोष्टी नाहीत. देवीला मान दिला आणि मटण कोणी खाल्लं नाही, असं होत नाही. तसं झालं तर नवस फिटला असं घरात कोणी म्हणणार नाही. भाऊबंद बसायला हवेत, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही बोलवावं लागतं, आणि त्या पंगतीला बसला म्हणजे तो आपल्यातला.

युरोपात नेमक्या याच मुद्द्यावरून ख्रिस्ती जग दुभंगलं. मार्टिन ल्यूथरनं १५२० साली मिस्सेला बलिदान म्हणण्यावर हल्ला चढवला. ख्रिस्त एकदाच मेला, ते पुरेसं झालं, धर्मगुरू रोज त्याला कसला अर्पण करतो, असा त्याचा रोख होता. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६२ साली ठामपणे सांगितलं की मिस्सा हे खरंखुरं बलिदान आहे, मात्र रक्ताविना. क्रुसावरचं जे, तेच, नवं नव्हे. मराठीत या भांडणाचे अवशेष अजून आहेत. प्रॉटेस्टंट घरात, म्हणजे रेव्हरंड टिळकांच्या परंपरेत, या विधीला ‘प्रभुभोजन’ म्हणतात. वसईत ‘मिस्साबलिदान’. एकाच रात्रीची दोन नावं, एकानं जेवण उचललं, दुसऱ्यानं बळी. टोपाभोवती बसलेल्या माझ्या काकांना हा वाद समजावून सांगायचा म्हटलं तर ते विचारतील, की मग दोघांपैकी उपाशी कोण राहिलं?

अर्थात बोकड फार दूर नेत नाही, हेही मान्य करायला हवं. आम्ही देवीला देतो ते काहीतरी मिळालं म्हणून किंवा मिळावं म्हणून. देणारा खाली, घेणारी वर. मिस्सेत दिशा उलटी आहे, देवच स्वतःला देतो. दुसरं म्हणजे आमचा बोकड दर खेपेला नवा असतो. मिस्सेत दर खेपेला नवं मरण नाही. एकच मरण, दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि ते आज सकाळी सात वाजता वसईत ‘हजर’ आहे, असा दावा आहे. हा दावा मजकुरात कुठे आहे, ते मी शोधत होतो. तो मला एका सर्वनामात सापडला.

मिस्सेचा पहिला भाग वाचनांचा: जुन्या करारातलं किंवा प्रेषितांच्या पत्रांमधलं वाचन, स्तोत्र, मग शुभवर्तमान, त्यावर प्रवचन. इथपर्यंत कीर्तनाच्या श्रोत्याला सगळं ओळखीचं वाटतं. मग धर्मगुरू वेदीकडे जातो आणि मोठी प्रार्थना सुरू होते. ही प्रार्थना लोकांना उद्देशून नाही, ती देवपित्याला उद्देशून आहे. तिच्या ऐन मध्यावर धर्मगुरू देवाला एक गोष्ट सांगू लागतो. धरून दिलं जाणार होतं त्या रात्री येशूनं भाकर घेतली, आभार मानले, मोडली, शिष्यांना दिली. सगळं तृतीय पुरुष, सगळा भूतकाळ. जी गोष्ट देवाला माहीत आहे, ती देवालाच सांगायची! आणि ती सांगता सांगता तो भाकर हातात घेतो, आणि शरीराचा उल्लेख येतो तेव्हा सर्वनाम ‘त्याचं’ राहत नाही. ‘माझं’ होतं.

व्याकरण सांगेल की यात विशेष काही नाही, हे अवतरण आहे, येशूचे शब्द धर्मगुरू जसेच्या तसे सांगतो आहे. कीर्तनकारही कृष्णाचं बोलणं ‘मी’नंच सांगतो. खरं आहे. पण कीर्तनकार ‘असं देव म्हणाला’ करून परत येतो, बुक्का-टाळ-मृदुंगाच्या जगात परत उतरतो. इथे धर्मगुरू ते अवतरण मिटवत नाही. ते शब्द झाले की तो भाकर वर धरतो, घंटी वाजते, गुडघ्यांवर बसलेली माणसं वर पाहतात. ती एखाद्या गोष्टीतल्या भाकरीकडे पाहत नाहीत. त्याच्या हातातल्या भाकरीकडे पाहतात. अवतरणचिन्ह उघडलं आहे आणि गोष्ट सांगणारा त्याच्या आतच राहिला आहे. त्यात जो ‘तुम्ही’ आहे, तोही मग जेरुसलेमच्या माडीवरच्या बाराजणांपुरता राहत नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या, गुडघे दुखत असल्यामुळे बसूनच राहिलेल्या आजी त्या ‘तुम्ही’त येतात.

यानंतर लगेच स्मरणाची गोष्ट येते. येशू शिष्यांना हेच करत राहायला सांगतो, त्याच्या आठवणीसाठी. मराठी बायबलांत आणि मिस्सेत इथे ‘स्मरण’ हा शब्द पडतो. माझी तक्रार या शब्दाशी आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अनाम्नेसिस’, आणि त्यामागे ज्यू परंपरेतला ‘झिक्कारोन’. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरात इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगतात तेव्हा ‘आपले पूर्वज सुटले’ असं नुसतं म्हणून भागत नाही. प्रत्येक पिढीनं आपण स्वतःच बाहेर पडलो असं मानायचं असतं. यासाठी दूर जायला नको. आमच्याच रायगड जिल्ह्यात बेने इस्रायली पिढ्यानपिढ्या मराठी बोलत हा सण पाळत आले, गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्या रात्रीचं स्मरण ही डोक्यात घडणारी गोष्ट नाही, ती ताटात घडते. येशूचं शेवटचं जेवण पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे याच सणाचं होतं.

मराठीतल्या ‘स्मरण’ला एकेकाळी ही ताकद होती. नामस्मरणात नाव आठवायचं नसतं. ते तर पाठच असतं. नाव घेतलं की नामी तिथे आहे, अशी ती समजूत. पण आजच्या मराठीत हा शब्द स्मरणिका, स्मृतिचिन्ह आणि ‘सस्नेह स्मरण’मध्ये जाऊन बसला आहे. मिस्सेच्या सर्वांत जड जागी आपल्या भाषेतला सर्वांत झिजलेला शब्द उभा आहे. भाषांतर करणाऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही, दुसरा शब्द मलाही सुचत नाही. पण ऐकणारा माणूस तिथे फसतो, आणि मिस्सा म्हणजे येशूची पुण्यतिथी असं समजून घरी येतो.

भाकरीचं शरीर कसं होतं, यावर चर्चची भूमिका स्पष्ट आहे. १२१५ च्या लॅटेरन परिषदेनं त्यासाठी सत्त्वबदलाचा शब्द वापरला, थॉमस अक्वायनसनं तो ॲरिस्टॉटलच्या भाषेत मांडला. आपल्या वैशेषिकांचे शब्द उसने घ्यायचे तर द्रव्य बदलतं, गुण तसेच राहतात. रंग, चव, वास भाकरीचा, पण आहे ते भाकर नाही. प्रयोगशाळेत काही सापडणार नाही, आणि सापडेल असं कोणी म्हणतही नाही. आमच्या धंद्यात एक फरक रोज लागतो. एखाद्या व्हेरिएबलमध्ये मूळ वस्तूची कॉपी ठेवायची की मूळ वस्तूचा फक्त पत्ता. कॉप्या शंभर केल्या तर वस्तू शंभर होतात. पत्ते शंभर ठेवले तरी वस्तू एकच, आणि कुठल्याही पत्त्यावरून गेलात तरी तिथेच पोचता. जगभरच्या लाखो मिस्सा म्हणजे एका क्रुसाचे लाखो पत्ते, असं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “बरं आहे, पण पत्ता खाता येत नाही.” तिथे माझी उपमा संपली.

एक बारीक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. भाकर गव्हाचीच लागते आणि रस द्राक्षाचाच, चर्चच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. वसईची वाडी केळीची, जासईची खारजमीन भाताची. दोन्हीकडे गहू दुकानातून येतो. १९६९ साली रोमनं भारतासाठी आरती, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार अशा बारा बदलांना मान्यता दिली. हावभाव भारतीय झाले, धान्य तेच राहिलं. एका विशिष्ट रात्री एका विशिष्ट ताटात जे होतं तेच हवं, हा आग्रह मला समजतो, कारण सगळा दावाच ‘तेच’ या शब्दावर उभा आहे. तरी तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो टोचतोच.

भाषेचं नशीब धान्यापेक्षा बरं निघालं, पण त्याला साडेतीनशे वर्षं लागली. फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीचं त्यातलं कौतुक तर शाळेपासून आपल्या कानावर आहे. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना आपल्या भाषेत पुराण हवं होतं, ते त्यानं दिलं. चर्चमध्ये ते वाचलंही जाई. पण वेदीवरची मिस्सा लॅटिनमध्येच होती. शिवाय त्या काळच्या रीतीप्रमाणे मधली मोठी प्रार्थना धर्मगुरू पुटपुटत म्हणे, लोकांना ऐकूही जात नसे. लोकांकडे पाठ, शब्द अस्पष्ट, फक्त घंटी वाजली की वर पाहायचं. म्हणजे गोष्ट मराठीत आणि कृती लॅटिनमध्ये, अशी ही वाटणी होती. आपण साहित्याच्या इतिहासात ‘ख्रिस्तपुराणा’चं कौतुक करतो तेव्हा ही वाटणी नजरेआड करतो. स्टीफन्सच्या ओव्या कितीही गोड असोत, त्या मिस्सेच्या बाहेर होत्या. पुराणात सांगणारा सांगणाराच राहतो. ‘त्याचं’चं ‘माझं’ व्हायची जागा मराठीला उघडली ती थेट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. उपासनेवरचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. मग धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि लोकांच्या भाषेत मोठ्यानं बोलू लागला.

लोकांच्या भाषेत म्हणजे तरी कुठल्या? मित्राच्या घरी सामवेदी बोलतात. मिस्सा छापील मराठीत होती, ‘अर्पण’, ‘कृपा’, ‘अनंतकाळ’वाली. हे मला परकं वाटलं नाही. आमच्याकडेही घरात आगरी आणि मंचावर प्रमाण मराठी असतेच. पण मित्राची आई शेजारच्या बाईशी वेगळ्या भाषेत बोलत होती आणि देवाशी वेगळ्या, हे कानावर आलं.

आणि मग रांग लागली. सगळा बाक उठला, मीही उठलो. पंगत बसली की बसायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मित्राच्या आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “तू बस हं, बाळा.” मी बसलो. पूर्ण बाकावर एकटा. खरं सांगायचं तर मला राग आला. आमच्या मांडवातून कोणाला उपाशी उठवत नाहीत. ज्या विधीचा देव सगळ्यांसाठी मेला म्हणतात, तिथे भाकरीचा एक पातळ तुकडा सगळ्यांना का नाही? त्यावरचं कॅथलिक उत्तर मी नंतर वाचलं. धर्मगुरू तुकडा पुढे धरून तो काय आहे ते सांगतो आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे ‘होय, आहे’. घेणं हीच कबुली. मी ‘आमेन’ म्हटलं असतं तर ते खोटं असतं. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसालाही साधारणपणे तिथे थांबावं लागतं, हे वाचल्यावर माझा राग थोडा वाटला गेला. पण गेला नाही. एका घरात नवरा रांगेत आणि बायको बाकावर असं जिथे होतं, तिथे हे उत्तर किती पुरतं, मला शंका आहे. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल: मला न विचारता त्यांनी आपल्यात मोजलं नाही. फुकट मिळणाऱ्या सदस्यत्वांच्या काळात हे मला थोडं आदराचंही वाटलं.

बाकावर बसल्यामुळे एक दृश्य मात्र मला नीट दिसलं, जे रांगेतल्यांना दिसत नसावं. सगळ्यांना देऊन झाल्यावर धर्मगुरू वेदीपाशी परत गेला. तबकातले कण त्यानं बोटानं पेल्यात लोटले, त्यात पाणी घातलं, पेला हलवला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग पांढऱ्या फडक्यानं पेला पुसला. आईनं शेवटची पोळी लाटल्यावर परातीतलं पीठ गोळा करावं, तितक्याच सहजपणे आणि तितक्याच मन लावून. सत्त्वबदलावरचा कोणताही ग्रंथ मला एवढं सांगू शकला नाही. हे लोक जे मानतात म्हणून सांगतात, ते कणापर्यंत मानतात.

२०२० च्या मार्चमध्ये चर्चं बंद झाली आणि मिस्सा यूट्यूबवर आली. मित्राचे वडील तेव्हा टीव्हीला मोबाइल जोडून मिस्सा पाहायचे आणि घंटी वाजली की हॉलमध्ये गुडघे टेकायचे. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आवाज तर चर्चपेक्षा स्वच्छ. फक्त शेवटी काही हातात येत नव्हतं. पोप फ्रान्सिस स्वतः रोज मिस्सा प्रक्षेपित करत होते, आणि त्याच एप्रिलमध्ये एका प्रवचनात त्यांनीच बजावलं की हे अडचणीपुरतं आहे, पडद्यावरची जवळीक म्हणजे चर्च नव्हे. आम्ही पिढीच अशी, की जे रेकॉर्ड झालं ते आपल्याकडे आहे असं मानतो. मिस्सा रेकॉर्ड होते, पण जे झालं ते रेकॉर्डमध्ये नसतं. वर्गात, मीटिंगमध्ये, लग्नात हा फरक आता आपण विसरून गेलो आहोत. तिथे तो अजून शिल्लक आहे.

परत येताना ट्रेनमध्ये मी सारखा आमच्या जानेवारीचा विचार करत होतो. १६ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या होत्या, त्याचा हा लढा, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा. धुतूमचा एक, चिर्ल्याचा एक आणि पागोट्याचे तिघे गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्यातून आलं. माझं इंजिनीअरिंगचं शिक्षण ज्या पैशावर झालं, तो त्या साडेबारा टक्क्यांतला आहे. दरवर्षी स्मृतिदिन होतो. हार, पुष्पचक्र, सगळ्या पक्षांचे लोक एका मंचावर, आणि बॅनरवर ‘बलिदान’. तिथे कोणाला ‘आमेन’ म्हणावं लागत नाही. जमीन विकणाराही येतो, विकत घेणाराही, दोघंही दोन मिनिटं उभे राहतात. मी स्वतः गेल्या काही वर्षांत तिथे दोनदाच गेलो आणि दोन्ही वेळा स्टोरी टाकली. कार्यक्रमात सगळं तृतीय पुरुषात असतं. ‘त्यांनी’ दिलं, ‘त्यांचं’ रक्त, ‘त्यांचं’ स्मरण. मला वसईच्या वेदीवरचं सर्वनाम आठवत राहिलं. आमच्या मंचावरून ‘माझं’ म्हणायचं कोणाचं तोंड आहे, आणि माझं तरी आहे का?

आजी कार्यक्रमाला जात नाही. तिच्या घरापासून मंच चालत दहा मिनिटांवर, माइकचा आवाज ओट्यावर येतो, पण ती जात नाही. त्या संध्याकाळी विचारलं तर मात्र सांगते. या जानेवारीत मी मुद्दाम घरी होतो.

“पोरां फाट्यावर चाललीन,” ती म्हणाली. “कोन आयकत नाय.”

चाललीन. चाळीस वर्षांपूर्वी गेली होती, असं नाही. ती दरवाजाच्या चौकटीला हात लावून उभी होती आणि रस्त्याकडे पाहत होती, जिथे आता कंटेनरांची रांग असते. हे राहायला हवं, जायला नको, असं वाटून मी फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. ती लगेच थांबली. चौकटीवरचा हात काढून घेतला.

“ते ठेव पयले.”

मी फोन पलंगावर उपडा ठेवला. तिनं परत चौकटीला हात लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.